बॉस मरतो हे तपासलं, ग्रुप मेल्यावर काय होतं ते कोण तपासणार?

ऑनलाइन गेमचा मेन्टेनन्स संपतो, सर्व्हर उघडतात, पॅच (गेममधले नवे बदल) उतरतो आणि रात्री ठरल्या वेळी वीस जण रेडला, म्हणजे मिळून मोठे बॉस मारायला, हजर होतात. पहिला पुल, म्हणजे बॉसवरचा एक प्रयत्न, ठीक जातो. वाइप होतो (सगळा ग्रुप मरतो), सगळे धावत परत येतात, दुसरा पुल घेतात, आणि बॉसचा जो वार सत्तराव्या सेकंदाला यायचा तो चाळिसाव्यालाच येऊन आदळतो. मग व्हॉइस चॅटवर नेहमीचा कलगीतुरा. मार अंगावर घेणारा टँक म्हणतो जखमा भरणारे हीलर झोपले होते, हीलर म्हणतात बॉसला मारणारे डीपीएस आगीत उभे होते, आणि रेड लीडर बिचारा तीच स्ट्रॅट (लढाईची योजना) तिसऱ्यांदा समजावून सांगतो. चूक त्यांच्यापैकी कोणाचीच नसते. मागच्या पुलचा टायमर बॉसला चालवणाऱ्या स्क्रिप्टने बंदच केलेला नसतो.

असं झालं की "कंपनीने काही टेस्टच केलं नाही" अशी ओरड होते. ती अर्धीच खरी. टेस्ट होते, पण जिंकण्याच्या वाटेची होते. आत गेलो, लढलो, बॉस पडला, लूट मिळाली, पुढचं दार उघडलं, झालं काम. प्रत्यक्षात नव्या अवघड बॉसवर ग्रुपचा बहुतेक सगळा वेळ हरण्यात जातो. शंभर पुल झाले तर नव्व्याण्णव वाइप असतात. म्हणजे टेस्टर ज्या वाटेवरून सगळ्यात जास्त वेळा गेला तिच्यावरून ग्रुप एकदाच जातो, आणि ज्या वाटेला टेस्टर क्वचितच गेला तिथे ग्रुपचा मुक्काम असतो. पॅचनंतर ग्रुप कंटेंटच का मोडतं, एकट्याने खेळायचे क्वेस्ट का नाही, याचं माझ्या मते हेच मुख्य उत्तर आहे.

वाइप दिसायला साधी गोष्ट. सगळे मेले, बॉस जागेवर गेला. पण त्या दोन-चार सेकंदांत सर्व्हरला बरीच झाडलोट करायची असते. बॉसची हेल्थ भरायची, त्याने बोलावलेले साथीदार, म्हणजे अ‍ॅड्स काढायचे, जमिनीवर पडलेली आग नि विषाची डबकी पुसायची, खेळाडूंवरचे डीबफ (त्रासदायक परिणाम) उतरवायचे, पुढच्या वारांसाठी रांगेत लावलेले टायमर रद्द करायचे, फेजची (लढाईच्या टप्प्याची) नोंद शून्यावर आणायची, बॅटल रेझची (लढाईतच मेलेल्याला उठवण्याची) मोजणी मूळ पदावर न्यायची आणि बंद केलेलं दार उघडायचं. पॅचमध्ये कोणीतरी यातल्या एका गोष्टीला हात लावतो, बहुधा दुसऱ्याच कारणासाठी, आणि बाकीची साखळी तुटते.

कुठली कडी तुटली हे लक्षणावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. वार वेळेआधी आला किंवा दोनदा आला तर जुना टायमर जिवंत आहे. बॉस शंभर टक्क्यांवर असताना दुसऱ्या फेजचे अ‍ॅड्स आले, किंवा उलट दुसरी फेज आलीच नाही, तर फेजची नोंद पुसली गेलेली नाही. स्क्रिप्टच्या हिशेबी ती फेज आधीच होऊन गेलीय. वाइपनंतरही कोणाचं कॉम्बॅट सुटत नसेल, कोणाला रेझ करता येत नसेल आणि दार बंदच असेल, तर एखादा अ‍ॅड भिंतीत किंवा जमिनीखाली अडकून अजून "लढतोय". कधी एखादा डिस्कनेक्ट झालेला खेळाडू सर्व्हरच्या लेखी आतच उभा असतो, तेव्हाही नेमकं हेच दिसतं.

फेजच्या सीमेवरचा बग वेगळा आणि फार फसवा. समजा बॉस ७० टक्क्यांवर फेज बदलतो, पण स्क्रिप्ट हेल्थ तपासते ती चालू कास्ट (सुरू झालेला वार) संपल्यावर. पॅचमध्ये दोन क्लासचं (पात्रप्रकारांचं) डॅमेज वाढलं, सगळ्यांनी बर्स्ट (थोड्या वेळाचा जोरदार मारा) एकत्र लावला आणि त्या एका कास्टच्या काळात बॉस ७२ वरून ६६ वर आला. त्या पट्ट्यात दुसरा काही ट्रिगर असेल तर दोन्ही एकदम सुटतात. उपाय अगदी साधा आहे. ७२-७३ टक्क्यांना हात आवरायचा, कास्ट पुरी होऊ द्यायची आणि मगच सीमा ओलांडायची. डीपीएसवाल्यांना हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी सांगावं.

आता बाहेर पडण्याच्या वाटा. लढाईतून माणूस बाहेर पडतो तो फक्त मरून नाही. तो टेलिपोर्ट होतो, नेट जाऊन डिस्कनेक्ट होतो, ग्रुपमधून काढला जातो, त्याचा पेट (पाळीव प्राणी) परत बोलावला जातो. ऑनलाइन गेमच्या इतिहासातले गाजलेले घोटाळे याच फटींतून निघालेत. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या १.७ पॅचबरोबर झुल'गुरूब ही वीस जणांची रेड आली. तिथला हक्कार हा बॉस 'करप्टेड ब्लड' नावाचा डीबफ लावायचा, जो जवळच्या माणसाला लागत जायचा. तो रेडच्या आतच राहावा अशी अपेक्षा होती. पण हंटर क्लासच्या खेळाडूने डीबफ लागलेला पेट परत बोलावला की डीबफ पेटबरोबर तसाच जपला जायचा, आणि शहरात पेट बाहेर काढला की तिथे साथ. शहरातली एनपीसी (गेमने चालवलेली) पात्रं त्या डीबफने मरत नव्हती, पण तो पसरवत होती. खालच्या लेव्हलचे खेळाडू उभ्या उभ्या मरत होते. हक्कारच्या लढाईत तसा काही दोष नव्हता. डीबफ घेऊन कोणी बाहेर गेलं तर काय, हे मात्र निसटलं होतं.

जून २००६ मधला रूनस्केपचा फॅलाडोर हत्याकांडाचा प्रकार याच जातीचा. एका खेळाडूच्या घरातल्या पार्टीतून पाहुण्यांना बाहेर काढलं गेलं तेव्हा घरातल्या आखाड्यात लढणाऱ्यांपैकी काही जणांकडे दुसऱ्यांवर हल्ला करण्याची मुभा बाहेरही तशीच राहिली, आणि जिथे कोणी कोणाला मारू शकत नाही अशा भागात त्यांनी लोकांना मारलं. डेस्टिनीच्या क्रोटाज एन्ड रेडमध्ये (डिसेंबर २०१४) लोक फायरटीम लीडरची लॅन केबल उपटायचे, कारण तो नेमक्या क्षणी डिस्कनेक्ट झाला की गुडघ्यावर आलेला क्रोटा तसाच बसून राहायचा. तिन्ही गेम वेगळे, साल वेगळं, भोक एकच.

क्लास आणि जॉबच्या (काही गेममध्ये क्लासलाच जॉब म्हणतात) जोड्यांचं गणितही टेस्टरच्या विरोधात आहे. फायनल फँटसी १४ मध्ये आठ जणांचा ग्रुप असतो: दोन टँक, दोन हीलर, चार डीपीएस. २०२४ च्या डॉनट्रेल या विस्तारानंतर चार टँक, चार हीलर आणि तेरा डीपीएस जॉब आहेत (ब्लू मेज सोडून). कोणताही जॉब दोनदा घ्यायचा नाही असं धरलं तरी ६ गुणिले ६ गुणिले ७१५, म्हणजे २५,७४० ग्रुप होतात. वीस जणांच्या रेडचा हिशेब करण्यात अर्थच नाही. सगळं तपासणं अशक्य आहे हे मान्य. पण म्हणूनच निवडून तपासायचं असतं, आणि पेट, क्लोन, ढाल, जागा बदलणारी क्षमता, मेल्यावर काही सेकंद चालणारी क्षमता असलेले जॉब आधी घ्यायचे असतात. बहुतेक विचित्र बग या पाच प्रकारांभोवतीच घुटमळतात.

मग पब्लिक टेस्ट सर्व्हर कशाला असतात? वॉरक्राफ्टमध्ये पीटीआर या टेस्ट सर्व्हरवर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेपुरता एकेक बॉस उघडतात. गिअर (शस्त्रं-चिलखतं) स्केल केलेलं, म्हणजे ठरावीक पातळीला आणलेलं असतं, येणारे बरेचसे कसलेले गिल्ड (खेळाडूंचे कायमचे संघ) असतात, आणि मिथिक या सगळ्यात अवघड पातळीच्या रेडचा शेवटचा बॉस गुपित राहावा म्हणून बहुधा टेस्टला येतच नाही. म्हणजे सगळ्यात गुंतागुंतीचं एन्काउंटर सगळ्यात कमी नजरेखालून गेलेलं असतं. फायनल फँटसी १४ मध्ये तर पब्लिक टेस्ट सर्व्हरच नाही, सगळी भिस्त घरच्या टेस्टरांवर. कसलेल्या गिल्डचा एक तोटा कोणी बोलत नाही: ते चुकत नाहीत. तिसऱ्या मिनिटाला निम्मा ग्रुप मेलेला, उरलेले कोपऱ्यात, एकाचं नेट गेलेलं, ही अवस्था त्यांच्याकडून तपासलीच जात नाही. या बाबतीत ईव्ह ऑनलाइनचं उदाहरण चांगलं आहे. त्यांच्या सिंग्युलॅरिटी या टेस्ट सर्व्हरवर मास टेस्ट ठेवल्या आणि मिळतील तेवढ्या सामान्य खेळाडूंना एका जागी गोळा केलं. गर्दी हीच तपासायची गोष्ट असेल तर गर्दीच आणावी लागते.

कंपनीने काय करावं यावर कितीही लिहिता येईल; पॅचच्या रात्री आपल्या हातात काय आहे ते जास्त कामाचं.

पहिली गोष्ट, त्या रात्री प्रोग्रेस बॉस (तुमच्याकडून अजून न पडलेला) घेऊ नका. ज्याला तुमचा ग्रुप झोपेतही मारतो असा जुना बॉस घ्या आणि वीस मिनिटांची तालीम करा. आधी सगळ्यांनी क्लायंट पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, नुसतं कॅरेक्टर स्क्रीनवर जाऊन परत येणं चालत नाही. वॉरक्राफ्ट असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग चालू करून स्लॅश कॉम्बॅटलॉग ही आज्ञा द्यायची, म्हणजे लढाईची नोंद फाइलमध्ये साठते. मग पुल घ्यायचा, बॉसला पहिल्या फेज बदलाच्या पलीकडे न्यायचं आणि मुद्दाम वाइप करायचा. अर्ध्यांनी रिलीज करून (मेलेल्या जागेवरून सुटून) धावत यायचं, अर्ध्यांनी तिथेच पडून राहायचं. कॉम्बॅट सुटलं का, दार उघडलं का, जमिनीवर काही उरलं का, पडलेल्यांच्या अंगावरचे डीबफ गेले का, हे चौघांनी वाटून बघायचं. लगेच दुसरा पुल घ्यायचा आणि पहिल्या तीन वारांच्या वेळा पहिल्या पुलशी ताडायच्या. दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला तर समजायचं, रात्र खडतर जाणार.

दुसऱ्या पुलमध्ये एकाने अंगावर डीबफ असताना गेम बंद करून परत यायचं, आणि पेटवाल्याने पेट एकदा परत बोलावून पुन्हा काढायचा. शेवटी बॉस मारायचा आणि लूट प्रत्येकाला मिळाली का, लॉकआउटमध्ये (त्या आठवड्यात मारलेल्या बॉसच्या यादीत) नोंद आली का ते बघायचं. एवढं पार पडलं तर प्रोग्रेसकडे वळायला हरकत नाही. काही लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. तीन तास भुताटकीशी लढण्यापेक्षा वीस मिनिटं स्वस्त आहेत.

आता बग आपला की गेमचा, हे ओळखणं. एकालाच दिसतोय की सगळ्यांना, हा पहिला प्रश्न. एकालाच दिसत असेल तर बहुतेक वेळा दोष त्याच्या अ‍ॅडऑनमध्ये, कॅशमध्ये (साठवलेल्या तात्पुरत्या फाइलींत) किंवा नेटमध्ये असतो. हॉटफिक्स हा प्रकार इथे गोंधळ घालतो. पॅच क्लायंटमध्ये उतरतो. हॉटफिक्स प्रामुख्याने सर्व्हरवर बदल करतो आणि लागेल तेवढा डेटा क्लायंटकडे धाडतो, जो कॅशमध्ये साठतो. त्यामुळे टूलटिपवर (माहितीच्या चौकटीत) डीबफ पाच सेकंदांचा लिहिलेला आणि अंगावर आठ सेकंद, असं होऊ शकतं. टूलटिपवर नाही, लॉगवर विश्वास ठेवायचा.

वॉरक्राफ्टमध्ये असं वाटलं तर गेम बंद करून कॅश, इंटरफेस आणि डब्ल्यूटीएफ या तीन फोल्डरांची नावं बदलायची, पुढे "जुनं" लावलं तरी चालेल, आणि गेम उघडायचा. नावं बदलायची, डिलीट करायची नाहीत. डब्ल्यूटीएफमध्ये तुमच्या सगळ्या सेटिंग्ज असतात. बग गेला तर अ‍ॅडऑन निम्मे-निम्मे करून परत आणायचे, म्हणजे चाळीस अ‍ॅडऑनमधला दोषी पाच-सहा फेऱ्यांत सापडतो. बग राहिला तर लाँचरमधून फाइली तपासून दुरुस्त करायच्या. त्यानंतरही राहिला तर तो तुमच्याकडचा बहुधा नाही, आणि शंभर जीबीचा गेम काढून पुन्हा टाकणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

सगळ्यांना दिसत असेल तर लॉग उघडा. डीबफ लागल्याची नोंद आहे, निघाल्याची नोंद नाही, आणि वाइपनंतरही तोच डीबफ डॅमेज देतोय, असं दिसलं की सर्व्हरच्या झाडलोटीतला दोष रंगेहाथ सापडला. नोंदच नाही, पण पडद्यावर आग दिसतेय, तर तो नुसता दिसण्यातला बग. त्या आगीत उभं राहिलं तरी काही होत नाही. उलटं असेल, म्हणजे नोंद आहे पण पडद्यावर काही नाही, तर ते जास्त वाईट. अशा वेळी जमिनीवर मार्कर टाकून अदृश्य आगीची जागा आखून घ्यायची.

मग एकेक गोष्ट बदलत तीन पुल. एकदा पेट नाही, एकदा संशयित ट्रिंकेट (गिअरमधली एक वस्तू) नाही, एकदा जागा वेगळी. एकाच पुलमध्ये चार गोष्टी बदलल्या तर काहीच कळत नाही. पहिला पुल बरा, पुढचे बिघडलेले, असा नमुना असेल तर सगळ्यांनी इन्स्टन्समधून (ग्रुपपुरत्या उघडलेल्या रेडच्या प्रतीतून) बाहेर पडून ती रिकामी राहू द्यायची आणि थोड्या वेळाने आत जायचं. एखादा जण आत एएफके (गेम चालू ठेवून उठून गेलेला) राहिला तर रिसेट होत नाही, त्यामुळे डोकी मोजा.

बग तुमच्या बाजूने असेल तर? थांबायचं. फेब्रुवारी २०१० मध्ये एन्सिडिया या वॉरक्राफ्टच्या गिल्डने पंचवीस जणांच्या रेडमध्ये लिच किंगला जगात सगळ्यात आधी पाडलं. लढाईत प्लॅटफॉर्मचा बाहेरचा भाग कोसळणं अपेक्षित होतं, पण सॅरोनाइट बॉम्ब टाकले की तो पुन्हा उभा राहायचा. हे बॉम्ब काही चोरीचा माल नव्हता, डॅमेज वाढवायला लोक ते सर्रास वापरत. तरी अचीव्हमेंट काढून घेतली गेली आणि खेळाडूंना ७२ तासांचं सस्पेन्शन मिळालं. न तपासलेल्या जोडीचं खापर खेळाडूवर फुटलं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. पण नियम तसाच आहे: बॉस नेहमीपेक्षा सोपा झाला आणि कारण कळलं, की त्यानंतरचा प्रत्येक पुल जाणूनबुजून घेतलेला धरला जातो.

सगळेच दोष स्क्रिप्टचे नसतात, काही निव्वळ आकड्यांचे असतात. २०२२ मध्ये फायनल फँटसी १४ मधल्या अबिसोस रेडच्या आठव्या सॅव्हेज (जास्त अवघड पातळीच्या) बॉसची हेल्थ निर्मात्यांनी सुमारे १ टक्क्याने कमी केली आणि खुलासाही केला. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं बाहेरच्याला वाटेल, पण आठ-नऊ मिनिटांच्या लढाईत तो पाच-सहा सेकंदांचा हिशेब आहे, आणि ग्रुप तेवढ्याच फरकाने एन्रेजला (वेळ संपल्यावर बॉस सगळ्यांना मारतो त्याला) मरत होते. त्या काळात कमी डॅमेजच्या जॉबवाल्यांना ग्रुप मिळेनासे झाले, हा खरा तोटा. बॉसचा आकडा आणि जॉबचे आकडे वेगवेगळ्या वेळी पक्के होतात तेव्हा ही तफावत राहतेच. अशा वेळी ग्रुपने स्ट्रॅट बदलत बसू नये. लॉगमध्ये मृत्यू शून्य, बर्स्ट वेळेवर, तरी बॉस एक-दोन टक्क्यांवर उरतोय, असं सलग दिसलं तर एक आठवडा गिअरची वाट बघणं शहाणपणाचं.

कंपन्यांकडून दोन गोष्टी मागाव्यात, आणि दोन्ही कोणीतरी आधीच करून दाखवल्यात. एक म्हणजे बिघडलेली वस्तू चटकन बंद करायची कळ. डेस्टिनी २ मध्ये टेलेस्टो नावाची बंदूक इतक्या वेळा काही ना काही मोडते की तिच्यावर विनोद झालेत, पण तेवढी एक बंदूक बंद करून बाकी गेम चालू ठेवता येतो. दुसरी गोष्ट, वेळेची भरपाई वेळेनेच. मार्च २०२२ मध्ये व्हाव ऑफ द डिसायपल रेडच्या पहिल्या दिवशी एरर कोडांनी ग्रुप हैराण झाले तेव्हा डेस्टिनी बनवणाऱ्या बंजीने कॉन्टेस्ट मोड (सुरुवातीची जास्त अवघड शर्यत) आणखी २४ तास वाढवला. ज्याची संध्याकाळ गेली त्याला एक चमकणारा घोडा देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बग रिपोर्ट लिहिताना राग बाजूला ठेवून एवढं द्या: तारीख आणि यूटीसी वेळ, सर्व्हर, इन्स्टन्स आणि डिफिकल्टी, कितवा पुल, बॉसची टक्केवारी, आदल्या दहा सेकंदांत काय घडलं, काय व्हायला हवं होतं, किती जण होते, कोणाकडे पेट होता, तीन प्रयत्नांत किती वेळा घडलं. तीस सेकंदांची क्लिप जोडा, तीन तासांची नको. "रेड मोडलीय, लाज वाटू द्या" या रिपोर्टचं कोणीही काही करू शकत नाही, इच्छा असली तरी.

आणि रात्र कधी आटोपती घ्यायची हे पुलच्या आधी ठरवा, नंतर नाही. तोच बग ताज्या इन्स्टन्समध्येही तीनदा आला की थांबायचं, असा नियम चालतो. बॉस बगमुळे लूट न देता मेला असेल तर पुढच्या बॉसला हात लावण्याआधी लॉकआउटच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या; वॉरक्राफ्टमध्ये स्लॅश रेडइन्फोने ती उघडते. तक्रारीचं तिकीट प्रत्येकाने आपापलं टाकायचं, कारण लीडरच्या एका तिकिटावर वीस जणांची लूट परत येईल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.